माहेरच्या उन्हात एसी

माझ्या बायकोला ऊन सोसत नाही. हे वाक्य बरेच नवरे कौतुकानं म्हणतात; आमच्याकडे ते डॉक्टरांनी म्हटलेलं आहे. तिला मज्जातंतूंचा आजार आहे. अंग तापलं की आधी पायांतलं बळ जातं, मग डोळ्यांपुढे दुधी काच धरल्यासारखं होतं. थंडावा मिळाला की नजर परत येते. 'दर वेळी येईलच असं धरून चालू नका,' असंही डॉक्टर म्हणाले होते, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

तिचं माहेर धाकट्या डहाणूचं, खाडीलगतचं. घरावर पत्रे. मे महिन्यात त्या घरात भाकरी चुलीशिवाय भाजेल. त्यामुळे आजार झाल्यापासून ती उन्हाळ्यात माहेरी गेली नव्हती, आणि माहेरची सगळी लग्नं नेमकी उन्हाळ्यात. यंदा भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मी जाणार. कशी, ते तुम्ही बघा."

मी बघितलं. तारापूरच्या कामगारांची ने-आण करून निवृत्त झालेली एक बस विकत घेतली आणि तलासरीला हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. अच्छाडच्या नाक्यावर रांगा लावणारे ट्रक सजवणं हा त्या गॅरेजचा मूळ धंदा. मालकानं बसला एक फेरी मारून विचारलं, "गाडीच्या पुढे काय लिहायचं?" काहीच नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. पण काम केलं. सीट काढून कॉट बसवली. भिंतीवर स्प्लिट एसी, मागे शिडीच्या जागी त्याचं बाहेरचं युनिट, कॉटखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, टपावर सोलरची पॅनेलं. रात्री मेव्हण्याच्या घरातून वायर ओढून बॅटरी भरायची, दिवसा पॅनेलांनी एसी चालवायचा, आणि दोन्ही नसलं तर बॅटरीवर काही तास काढायचे, अशी योजना होती. मी बायकोला म्हणालो, "लाइट आणि सूर्य एकाच दिवशी रजेवर जात नाहीत."

"तुम्ही पुस्तकात वाचलं असेल," ती म्हणाली.

धाकट्या डहाणूला घरामागच्या वाळूच्या मोकळ्या पट्ट्यात मी बस लावली. पलीकडेच मासळी सुकवण्यासाठी नवा सिमेंटचा ओटा बांधलेला होता. तो कधीचाच तयार होता. पण फीत कापली नव्हती म्हणून कोरा पडून होता आणि बायका शेजारी वाळूतच मासळी पसरत होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी एका पुढारी साहेबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन ठरलं. मग त्याच्यावर मांडव चढला, गालिचा आला, माझ्या उंचीचे स्पीकर आले. संध्याकाळी मांडववाल्यांनी सगळे दिवे एकदम लावून पाहिले आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर गेला. सकाळी साहेबांसाठी जनरेटर आला. गावासाठी काही आलं नाही.

बॅटरी रात्री भरलीच नव्हती. तरी मी निश्चिंत होतो, कारण ऊन लख्ख पडलं होतं. बायकोला आत झोपवून मी डहाणूच्या बाजारात तिची औषधं आणायला गेलो. परतलो तेव्हा रस्त्यावर साहेबांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या होत्या आणि स्पीकरवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

बसमध्ये शिरलो आणि नजर मीटरवर गेली. बॅटरी तळाला आली होती. पॅनेलांकडून येणारी वीज जवळजवळ शून्य. भर उन्हात.

वायर हलवून पाहिली. फ्यूज काढून पुसला, परत घातला. शून्य. मी शांत असल्याचं दाखवत होतो, आणि बायकोनं ते ओळखलं होतं.

"इंजिन लावून बघा," ती म्हणाली.

लावलं. या जुन्या बसचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या शेजारी असतं. बॅटरीला त्यानं थेंबभर वीज दिली आणि बसला भट्टीभर उष्णता. बंद केलं. गाडी काढून कुठे न्यावं म्हटलं, तर पुढे-मागे पांढऱ्या गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर भाषण ऐकायला गेलेले. एवढ्यात एसीनं एक बारीक शिट्टी दिली आणि पात्या मिटून घेतल्या.

मेव्हण्यानं मासळीच्या पेटीतला बर्फ आणून दिला. मी तो टॉवेलात गुंडाळून तिच्या मानेवर, कपाळावर ठेवत गेलो.

"आता मला तोलून विका," ती म्हणाली. मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, "समोरचं कॅलेंडर काढलंत का हो?"

कॅलेंडर जागेवरच होतं.

"मी वर जाऊन पॅनेलं बघतो," मी म्हणालो.

"सकाळी गेला होतात ना? पावलं वाजत होती. पुसताय असं वाटलं मला."

मी सकाळी टपावर गेलो नव्हतो.

बाहेर येऊन बसला वळसा घातला. खाडीच्या बाजूला बांबूची एक शिडी लावलेली होती. चढून पाहिलं. पॅनेलं दिसतच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळा पसरलेला होता, बारीक कोळंबीसारखा, गुलाबीसर, नीट हातानं सारखा केलेला. वास आधी कसा आला नाही म्हणावं, तर त्या गावात दुसरा वासच नसतो.

खाली सावलीत बायकोची आत्या कावळे हाकायची काठी घेऊन बसली होती.

"आत्या, हा जवळा कुणाचा?"

"माझा. जागा माझी तर जवळा कुणाचा असणार?"

"जागा?"

"तुमची गाडी उभी आहे ती. माझ्या सासूपासून आम्ही तिथेच सुकवतो. आता जावई गाडी लावून बसले, त्यांना उठवायचं कसं? ओट्यावर तो मांडव. म्हटलं, आपण वर जाऊ." तिनं काठीनं टपाकडे दाखवलं. "पण काचा बाकी झकास आहेत हो जावई. वाळूत लागतं त्याच्या निम्म्या वेळात कडक होतो. अशा आणखी मिळतील?"

तिनं मला अडचण होऊ नये म्हणून हे केलं होतं. मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं, की त्या काचांवर ऊन पडलं तरच आतलं मशीन चालतं, ते बंद पडलंय, आणि तुमच्या भाचीला दिसेनासं झालंय.

आत्या उठून उभी राहिली. तिनं टपाकडे पाहिलं, मग बसच्या दाराकडे.

"अर्धा ओला आहे," ती म्हणाली. "ढीग केला तर संध्याकाळपर्यंत सडेल. बोटी आता वर ओढतील. पावसाळा जाईपर्यंत दुसरा नाही."

तिच्या चार महिन्यांच्या कालवणावर मी काय बोलणार?

मांडवातून आवाज घुमला, "हा ओटा माझ्या माताभगिनींच्या हक्काचा आहे!"

"ऐकलंत?" आत्या म्हणाली. "माझाच आहे म्हणे." आणि तिनं शेजारच्या घरांकडे तोंड करून अशी हाक दिली, की स्पीकर मागे पडले.

टोपल्या घेऊन बायका आल्या. दोघी टपावर, बाकीच्या खाली. पहिली टोपली घेऊन आत्याच ओट्याकडे निघाली. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आडवा आला.

"मावशी, कार्यक्रम होऊ द्या ना आधी."

"तुझा कार्यक्रम उद्या पण होईल. ऊन आत्ता आहे. बाजूला सर."

तो सरला. साहेबांच्या पुढ्यात, मांडवाचं कापड वर सारून, गालिचा दुमडून, त्या जवळा पसरू लागल्या. साहेब मुरलेले होते. क्षणभर थांबून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. फोटो निघाले. त्या ओट्याचा एवढा खरा उपयोग करणारं उद्घाटन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मी टपावर ओल्या टॉवेलानं खारट, चिकट काचा पुसत होतो. खाली उतरलो तेव्हा मीटरवरचा आकडा हलला होता, पण एसी गप्पच होता. बॅटरी थोडी वर आल्याशिवाय तो चालू होणार नव्हता. मी तिचा हात धरून बसलो. तिची नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला लागलेली होती. बर्फाचं पाणी झालं होतं. मी काहीतरी विनोद करायला गेलो आणि अर्ध्यावर सोडला.

शेवटी शिट्टी झाली. पात्या उघडल्या. आधी नुसता वारा, मग गार वारा. दिसतंय का, हे विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

मग ती म्हणाली, "शर्टाला जवळा चिकटलाय तुमच्या."

मी खाली पाहिलं. चिकटलेला होता. एकच, खिशाच्या शिवणीपाशी.

लग्नाला ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्चीवर बसून गेली आणि सगळ्यांच्या साड्यांना नावं ठेवून आली. निघताना तिनं आत्याला विचारलं, "पुढच्या मे महिन्यात जागा देशील ना गं?"

"ये की बाय. गाडी तिथेच लाव. पण टप अर्धा माझा."

परतताना तलासरीला गॅरेजात थांबलो. पॅनेलं एका बाजूला सरकवून, उरलेल्या टपावर पत्र्याचं बुटक्या कडांचं ताट बसवायला सांगितलं, आणि खाडीच्या बाजूनं पक्की शिडी.

"ताटात काय ठेवणार?" मालकानं विचारलं.

"जवळा."

त्यानं माप घेतलं, कागदावर लिहिलं, आणि जरा आशेनं पुन्हा विचारलं, "मग पुढे ते लिहू का?"