हात मोजणारी

पार्सल ती लगेच हातात द्यायची नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवायची आणि आधी विचारायची, "काका, तुमच्या घरात अमेरिकेत जन्मलेलं कोण हाय का?"

कॅनडात, टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या आमच्या कॉन्डोच्या लॉबीत, डेस्कवर, ती कॉलेज सांभाळून संध्याकाळची पार्ट-टाइम बसायची. २०१८चे गणपती नुकतेच होऊन गेले होते. प्रश्न ऐकला आणि मी पटकन "नाही" म्हणालो. मिहिर, माझा मुलगा, मिशिगनमध्ये जन्मला आहे. पण तो अमेरिकन नागरिक आहे हे आम्ही चारचौघांत बोलत नसू. अमेरिकन नागरिक कुठेही राहिला तरी त्याला तिकडे टॅक्सचे कागद भरावे लागतात; त्या टॅक्सवाल्यांची भीती, दुसरं काय. ज्यांची मुलं तिकडे जन्मली आणि जे नंतर इकडे आले, त्यांना ही भीती सांगावी लागणार नाही.

माझ्या मागे मंजिरी, माझी बायको, ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, नाही काय? आपला मिहिर!"

"किती वर्षांचा हाय, काकू?"

"आत्ताच अठरा झाला."

तेव्हा कुठे पार्सल मला मिळालं. "मी रविवारी येतो," ती म्हणाली.

मंजिरी पुण्याची. लिफ्टमध्ये म्हणाली, "मुलगी असून 'येतो' काय म्हणते ही?" त्या मुलीचे आईवडील गडहिंग्लजचे होते. मराठी फक्त त्यांच्याकडून शिकलेली, घराबाहेर फारशी ऐकलेलीच नाही. त्यामुळे तिच्या तोंडी कोल्हापूरकडची मराठी जशीच्या तशी होती, फक्त तिच्यातला 'र' अमेरिकन होता. मंजिरीने पुढे अनेकदा सांगून पाहिलं, "अगं, 'येते' म्हणावं." त्यावर ती हसून म्हणायची, "बरं, येतो काकू," आणि जायची.

कामाच्या वेळात राजकारण बोलायचं नाही अशी तिला बिल्डिंगच्या मॅनेजरने ताकीद दिली होती. मग ती लोकांना लिफ्टमध्ये गाठायची. लिफ्ट म्हणजे डेस्क नव्हे, असं तिचं म्हणणं. टोरांटोत शिकणाऱ्या तरुण डेमोक्रॅट मुलामुलींचा एक गट होता. त्यांच्यासाठी ती मतदार शोधायची. इकडे राहणारे अमेरिकन नागरिक टपालाने मत देऊ शकतात, आणि ते मत तिकडच्या शेवटच्या पत्त्याच्या मतदारसंघात मोजलं जातं. हे सगळं तिने मला एका दमात, दहाव्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत समजावून सांगितलं होतं.

रविवारी ती आली. मिहिरला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याच्याशी ती इंग्रजीत बोलायची, आणि तेव्हा अगदी वेगळी मुलगी वाटायची. भरभर, ठाम, थोडी उद्धटही. मिहिर खुर्चीत पसरला होता. "आय डोन्ट इव्हन लिव्ह देअर," तो म्हणाला. तिने फक्त तिकडचा जुना पत्ता विचारला. मी सांगितला.

तिचे हात कीबोर्डवर थांबले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "काका, हे तर आमचंच गाव की! लायब्ररीच्या मागं ऱ्हायचा तुम्ही?"

डेट्रॉइटजवळचं ते गाव. मिहिर चार वर्षांचा असेपर्यंत आम्ही तिथे होतो. तिचे आईवडील अजूनही तिथेच होते. तिचे बाबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होते, तसाच मीही होतो, पण आमची कधी गाठ पडली नव्हती. तिला इतका आनंद झाला की मिहिरही जरा सरळ बसला.

"सो हू आर यू व्होटिंग फॉर?" त्याने विचारलं.

"मी नाही. मला मत नाही," ती म्हणाली. टायपिंग थांबवलं नाही.

मंजिरी चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. मग त्या मुलीने आम्हाला सांगितलं, वेंधळ्या मुलाला पुन्हा गणित समजावावं तसं. ती दीड वर्षाची असताना आईबाबांनी तिला तिकडे नेलं. बाबांच्या वर्क व्हिसावर. धाकटा भाऊ तिकडेच जन्मला, म्हणून तो अमेरिकन. ग्रीन कार्डाची रांग सरकली नाही. मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबाबांच्या व्हिसावर राहता येत नाही. ती एकवीस वर्षांची झाली आणि इकडे आली. गडहिंग्लजला ती आयुष्यात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि दोन्ही वेळा तिला कांजिण्या, गोवर असलं काहीतरी झालं होतं.

"मग तू कुठली गं?" मंजिरीने विचारलं.

"तिकडची," ती म्हणाली. "फक्त त्यांच्या कागदात न्हाई."

आईबाबांना भेटायला जाण्यासाठी तिने टुरिस्ट व्हिसा मागितला होता, तो नाकारला गेला. तुझं सगळं घर इथे, तू परत जाणार नाहीस, असं त्यांचं म्हणणं. तिला घरी जायचं होतं, एवढंच. त्या मतदारसंघातून नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी उभ्या असलेल्या एका बाईंनी तिच्या बाबांना एका सभेत शब्द दिला होता, की अशा मुलांसाठी येणाऱ्या बिलाला मी पाठिंबा देईन. त्या बाई निवडून यायला हव्या होत्या. आणि त्यासाठी एक मत आमच्या जेवणाच्या टेबलाशी, टी-शर्ट उलटा घालून बसलेलं होतं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्हीही त्याच व्हिसावर होतो, त्याच रांगेत. लोक म्हणतात, तुम्ही दूरदृष्टीने वेळेवर कॅनडात आलात. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. मी घाबरट आहे, म्हणून निघालो. तिच्या बाबांना वाटलं, अजून थोडं थांबू. माझा मुलगा जन्मला तेव्हा आम्ही तिकडे होतो, ती जन्मली तेव्हा ते गडहिंग्लजला होते. यात माझा काही दोष नाही हे मला कळतं. तरी ती समोर आली की मला दोषी वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या दोषी वाटण्याखाली फारसं काही नव्हतं. वाईट वाटायला हवं एवढं समजायचं, पण वाटायचं नाही. थंडीत बोट सुन्न झालं की ते आपलंच आहे हे बघून कळतं, तसं काहीसं.

मिहिरने मत टपालात टाकलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि मिहिर लॉबीत शिरलो तर डेस्कवर पेढ्यांचा बॉक्स. मॅनेजरसुद्धा पेढा खात होता. कशाचा ते त्याला माहीत नव्हतं.

"काका, घ्या. आपली बाई आली निवडून!"

मिहिर म्हणाला, "वेट, माझ्या व्होटने?"

"तुझ्याच रे. बाकीचे सगळे नुसते बसले होते."

त्या दिवसापासून तो तिच्या गटात जायला लागला. एकदा त्याला सोडायला गेलो, तर बाहेर कडाक्याची थंडी म्हणून आत जाऊन बसलो. लायब्ररीतली एक खोली, दहाबारा मुलं, मध्ये समोसे. कुठल्याशा ठरावावर मतं घ्यायची होती. नियमाप्रमाणे तिला तिथेही मत नव्हतं. तिने समोसे आणायचे, खुर्च्या लावायच्या, आणि मतदान आलं की उभं राहून वर झालेले हात मोजायचे. एक मुलगा म्हणाला, तूही कर ना हात वर, कोण बघतंय? ती म्हणाली, "मग मोजणार कोण?" सगळे हसले. तीही हसली. हात मोजताना ती प्रत्येकाकडे बोट दाखवून, ओठ हलवून मोजायची, आणि एखाद्याचा हात अर्धवट असेल तर त्याच्यापाशी थांबायची. पूर्ण वर कर, म्हणायची.

सकाळी कॉलेजला जाताना ती तिकडच्या बातम्या वाचायची आणि मंजिरीला व्हॉट्सॅपवर बोलून पाठवायची. "काकू, आज सिनेटमधी लई राडा झाला. ते म्हातारं उठलं आणि गेलं की बाहेर!" मंजिरीला पूर्वी पुण्याच्या नगरसेवकाचं नाव माहीत नव्हतं. आता ती भाजी चिरता चिरता अमेरिकेच्या संसदेतली भांडणं ऐकायची.

मात्र बिलाचं विचारलं की उत्तर एकच असायचं. "कमिटीत हाय." महिने गेले. कमिटीतच होतं. आमच्या घरात तो शब्द रुळला. डोशाचं पीठ आंबलं नसेल तर मंजिरी म्हणायची, "कमिटीत आहे." मिहिरच्या खोलीची सफाई कमिटीत. तिलाही याची गंमत वाटायची. एकदा मीच तिच्यासमोर म्हणालो, "माझं प्रमोशन कमिटीत आहे," तर ती डेस्कवर डोकं टेकून हसली.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी पार्सल घ्यायला गेलो. तिने ते लगेच दिलं. मग दुसरी खोकी मजल्याप्रमाणे लावत लावत म्हणाली, "काका, बाबांच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन रिजेक्ट झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे जायचं. आईबाबा गडहिंग्लजला. भाऊ कॉलेजात हाय, तो ऱ्हाईल. घर विकायला काढलंय."

मी "अच्छा" म्हणालो. आणि पार्सल घेऊन लिफ्टकडे गेलो. लिफ्टचं दार बंद होताना ती खोकी लावताना दिसत होती. वर येऊन मी पार्सल उघडलं. त्यात मिहिरच्या बुटांच्या नाड्या होत्या. मंजिरीला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही नुसते वर आलात?"

मंजिरी खाली गेली, तिला वर घेऊन आली, जेवायला वाढलं. ती नीट जेवली. दुसऱ्यांदा आमटी मागितली.

तिचे आईबाबा गडहिंग्लजला गेले. हिवाळ्याच्या तोंडावर तिने पुन्हा व्हिसा मागितला, आणि या वेळी तो मिळाला. आता भाऊ सोडला तर तिचं तिकडे काही उरलं नव्हतं, त्यामुळे ती तिकडे राहून जाईल अशी शंका कोणाला येण्याचं कारण नव्हतं. हे ती लॉबीत मला सांगत होती तेव्हा मी काही विनोद करायला हवा की गप्प बसायला हवं हे मला ठरवता येईना. तीच म्हणाली, "बघा की काका, कमिटीतनं आलं बाहेर."

इकडे तिला राहता आलं असतं. कोर्स झाला होता, वर्क परमिट मिळालं असतं, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. बाकीची मुलं त्यासाठी जिवाचं रान करतात. मंजिरीने तिला खूप समजावलं. पण तिच्या आईला गडहिंग्लजला करमत नव्हतं, ती सारखी आजारी पडत होती, आणि हिने आईकडे जायचं ठरवलं होतं. "इथं थांबून तिथलं दार वाजवत बसायचं होतं, म्हणून होतो," ती म्हणाली. "आता दार कुणाचं वाजवू?" तिकीट काढलं. आता डेस्कवर एक फिलिपिनो मुलगा बसतो. चांगला आहे, पार्सल लगेच देतो. मिहिरचा गट चालू आहे, पुढच्या निवडणुकीची तयारी करतात. हात आता कोण मोजतं, मी विचारलेलं नाही.

जायच्या आधी तिला एकदा तिकडचं त्यांचं घर बघायचं होतं. मिहिरची परीक्षा होती. मंजिरी मला म्हणाली, "तुम्ही घेऊन जा तिला." म्हणून गेलो. चारशेएक हायवेवरून, सीमेवरच्या विंडसरपर्यंत सगळा रस्ता ती गाडीत तिकडचा रेडिओ लागतो का ते बघत होती. सीमेवरच्या पुलापलीकडे अमेरिकन अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी जाताय? ती म्हणाली, एक घर बघायला. विकत घेताय का? नाही, ती म्हणाली, विकलेलं आहे. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

गावात शिरल्यावर तिला मला रस्ता सांगावा लागला नाही. पण माझं जुनं अपार्टमेंट कुठलं ते मात्र मला ओळखता आलं नाही. तिनेच दाखवलं. मी "हो, हो" म्हणालो.

तिचं घर कोपऱ्यावर होतं, साधं, राखाडी. रात्री बर्फ पडला होता. एक म्हातारी बाई एकटीच फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होती, चार घमेली बर्फ बाजूला करून दम खात होती. आम्ही समोर गाडी थांबवली. ती उतरली, बाईंशी दोन वाक्यं बोलली. मला ऐकू आलं नाही. बाईंनी फावडं तिच्या हातात दिलं आणि आत गेल्या. खिडकीतून बघत राहिल्या.

तिने तो सगळा ड्राइव्हवे मोकळा केला. गराजच्या दारापासून सुरू करून, सरळ रेषेत, खाली रस्त्यापर्यंत. हे काम त्या घरात तिचं असणार, हात इतके सवयीने चालत होते. टपालपेटीभोवतीचा बर्फ तिने वेगळा, हाताने काढला. मी गाडीत हीटर लावून बसलो होतो. माझे बूट चांगले होते, हातमोजे होते. उतरून दुसरी बाजू काढावी असं मनात आलं, आणि मी बसून राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही कोणी असता तर उतरला असता.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता. दार लावून घेतलं आणि हात हीटरसमोर धरले. म्हातारी दारात येऊन हात हलवत होती. हिने बघितलं नाही. बोटं उघडमीट करत समोर बघत होती.

"मीठ टाकायचं राहिलं, काका," ती म्हणाली. "मिठाबिगर रात्री गोठून निसरडं होणार. त्यांनी मिठाची जागा बदललीय."