पाटीवरची पेन्सिल

ताईला पाटीवरची पेन्सिल खायची खोड होती. ती पाटणच्या पलीकडं डोंगरातल्या गावात दिलेली, मी कुपवाडला कारखान्यात कामाला. तिच्याकडं निघाले की पेन्सिलींची पेटी न चुकता घ्यायची. लोक बहिणीला साडी नेतात, मी पेन्सिली नेल्या, अकरा वर्षं. "बालवाडीत नाव घालू का तुझं?" म्हणून चिडवायचे. ती पदराआड कुरुकुरु चावत म्हणायची, "लय ग्वाड लागतंय गं. तुला न्हाई कळायचं."

खरंच नाही कळलं. महिन्याला आठ-आठ दिवस तिच्या अंगावरून जायचं. घागर घेऊन चढ चढताना दोनदा टेकायची. ओठ पांढरे पडलेले. सासू म्हणायची, "बाईच्या जातीला हे हायच." गावात दवाखान्याची माणसं रक्त तपासायला आली, तेव्हा सुईच्या भीतीनं ही रानात पळाली. मला सांगितलं तर मी पोट धरून हसले. शहरातली शहाणी ना मी.

ती बांधावर चक्कर येऊन पडली तेव्हा तिला सांगलीला आणलं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन चार निघालं. अंगातल्या लोहाचा साठा मोजायची वेगळी तपासणी असते, ती केली. साठा संपलेलाच होता. मग त्यांनी विचारलं, "माती, खडू, पेन्सिल असलं काही खातात का? लोह कमी झालं की अशी वासना होते."

तिचं दुखणं अकरा वर्षं माझ्या हातातून तिच्या हातात जात होतं, आणि मी त्याला लाड म्हणत होते. रक्त चढवायला लागले, पण हृदय आधीच थकलं होतं. तिसऱ्या दिवशी ताई गेली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. लाडू ठेवला, भजी ठेवली. भावजींनी हात जोडून पोरांना अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. तरी नाही. मग सासू मला म्हणाली, "तिला आवडायचं ते ठिव की गं. तूच आणायचीस."

सगळे माझ्याकडं बघत होते. तिला द्यायला घेतलेली शेवटची पेटी अजून माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स घट्ट धरून बसले. आता नाही देणार ताई, मेलीस तरी नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि आम्ही उठलो.