काथ्या भरलेला सायलेन्सर

गुणाजीची जुनी फटफटी कातळावरून उतरायला लागली की कोंडवाडीतल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायच्या. हॉर्न वाजवायची त्याला कधी गरज पडली नाही. हॉर्न काय, सकाळी पाववाला वाजवतो, दुपारी कुल्फीवाला वाजवतो, त्याला हातातलं काम टाकून कोण उठतं? पण गुणाजीच्या गाडीचा तो घोगरा, मध्येच ठसका लागल्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो ऐकला की बायका टोप घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून रस्त्यावर हजर.

गुणाजी वेळणेश्वरच्या बाजूचा. घराणं दर्यावरचं, पण होडीत पाय ठेवला की याचं पोट ढवळायचं. भाऊ हसले, भावकी हसली. शेवटी मासे धरायचं त्याने भावांवर सोडलं आणि विकायचं आपल्याकडे घेतलं. त्यालाही आता अठरा वर्षं झाली. कुणाकडे सुतक आहे, कुणाचा चतुर्थीचा उपास आहे, कुणाचा मुलगा मुंबईहून आलाय म्हणून सुरमई लागणार, सगळं त्याच्या डोक्यात. शिळा बांगडा ताजा म्हणून त्याने कधी कुणाच्या टोपात टाकला नाही. म्हणून तर सोमवार सोडला तर कोंडवाडीत त्याची वाट बघितली जायची.

दिवाळीत जुनी गाडी बसली ती बसलीच. नवी घेतली. चांगली होती, पण इतकी गुपचूप चालायची की दारात आली तरी ओट्यावरचं मांजर कान हलवत नसे. कोंडवाडीची घरं रस्त्याच्या खाली, माडापोफळीत लपलेली. गुणाजी वर येऊन उभा राहायचा, हॉर्न वाजवायचा, आणि निम्मी मासळी तशीच घेऊन परत फिरायचा. त्यात कर्णा लावलेला मासळीचा एक टेम्पो आठवड्यातून दोनदा यायला लागला होता. कोंडवाडी हातची गेली तर पुढच्या वाड्याही जायला वेळ लागणार नाही, हे गुणाजीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून एका सोमवारी, मासळी बंद त्या दिवशी, त्याने पडवीत गोणपाट अंथरलं आणि नव्या गाडीचा सायलेन्सर खोलला. मोबाईलवर व्हिडिओ बघून ठेवला होता. ग्राइंडरने मागचं टोक कापलं, आतली जाळीची नळी ठोकून ठोकून बाहेर काढली.

"अवो, कोरी गाडी ना ती?" त्याची बायको बकुळा दारात येऊन म्हणाली.

"आवाज मोकळा करतोय गो तिचा."

"गाडीचा काय गळा बसलाय? कंपनीवाल्यांना कळत नसंल, नि तुम्हांला कळतं!" असं म्हणून ती आत गेली. पण जाताना ती नळी उचलून तिने कोनाड्यात ठेवली.

मंगळवारी कोंडवाडीला आवाज पोचला. जरा जास्तच पोचला. गाडी उतारावर आली आणि फट्ट फट्ट करून फटाक्यांची माळ लागावी तशी वाजली. कुत्री भुंकत सुटली. तुळसाकाकी, वाडीतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, पदर खोचून पाखाडीवर आली, ती रिकाम्या हाताने.

"मेल्या, भूत शिरलं काय गाडीत? माझी अक्षया बाळंतपणाला आलीय. आत्ता कुठं पोर निजलं होतं, ते किंचाळून उठलं!"

"काकी, तुम्हांला ऐकू यावं म्हणून..."

"ऐकू आलं की! गुहागरालाबी आलं असंल. उद्या अशी आणलीस तर मी आपली टेम्पोवाल्याचे मासे घेईन, सांगून ठेवते."

हे मात्र त्याला लागलं. काढलेली नळी परत बसवावी तर टोक जोडायला शृंगारतळीच्या वेल्डिंगवाल्याकडे जायला हवं, म्हणजे एक दिवस मोडला. संध्याकाळी नारळाच्या सोडणांच्या ढिगाकडे बघता बघता त्याला सुचलं. होडीच्या फटी आपण काथ्यानेच बुजवतो. दर्याचं पाणी ज्याने अडतं, त्याने आवाज अडणार नाही? त्याने नारळाचा काथ्या पिंजला, गादी भरावी तसा सायलेन्सरात ठासला आणि टोक तारेने आवळलं.

बुधवारी सकाळी गाडी काय बोलत होती! भारदस्त, पण सभ्य. गुणाजीने देवळाच्या वळणावर महादेवाला हात जोडले ते अगदी खुशीत.

चढ लागला तसा करपल्याचा वास यायला लागला. कुणी चूल पेटवली असेल म्हणून तो पुढे गेला. तुळसाकाकीची काजूची बाग रस्त्याला लागूनच होती, ती मागे टाकून वळणावर पोचला तेव्हा वास अंगावरच आला. त्याने गाडी थांबवली. सायलेन्सरमधून धूर येत होता. मासळीच्या क्रेटवर टाकलेल्या गोणपाटाला भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडा अजून लाल होत्या. त्याने बर्फाचं पाणी सायलेन्सरवर आणि गोणपाटावर ओतलं. छन्न झालं. तारेतून जळक्या काथ्याचा एक पुंजका खाली गळला.

म्हणजे हे असं वाटभर गळत आलं.

त्याने मागे बघितलं, आणि काकीच्या काजूंमागून धूर वर चढताना दिसला.

मार्च संपत आलेला. डोंगरभर गवत वाळून पिवळं झालेलं. वणवा एकदा लागला की काजू बघत नाही, आंबा बघत नाही. गुणाजीने ओलं गोणपाट उचललं आणि तो पळत सुटला. चप्पल वाटेतच राहिली. "महादेवा, एवढी बाग राख. अठरा वर्षं त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवलाय. नारळ वाहीन, पण एवढी बाग राख." बागेचा दगडी गडगा ओलांडताना गुडघा फुटला, तेही त्याला कळलं नाही.

काजूंमागे पोचला तर तुळसाकाकी हातात हिरवी डहाळी घेऊन दगडावर निवांत बसली होती. समोर भाताच्या रोपांची जागा भाजायला केलेली भाजावळ जळत होती. शेण, पालापाचोळा, वर माती, चारी बाजूंचं गवत कापून काढलेलं. आग जिथं पेटवली तिथंच गुमान जळत होती.

"काय रे? मासे कुठायत?" काकी म्हणाली. "नि गोणपाट घेऊन कुणाला झाकायला आलास?"

गुणाजीने गोणपाट खाली टाकलं. आधी हसला, मग त्याला हसू आवरेना, मग डोळे पुसायला लागला.

"अठरा वर्षं येतोस, भाजावळ कधी बघितली नायस?"

"बघितली काकी. आज नाय ओळखली." आणि मग त्याने सगळं सांगितलं. नळी, काथ्या, निखारे. लपवलं असतं तरी चाललं असतं, पण लपवलं नाही.

काकीचा चेहरा बदलला. ती उठली. भाजावळीशी बागेतल्या गड्याला बसवून दोघं रस्त्याच्या कडेने बघत चालत गेली. बागेच्या टोकाला, कातळाच्या उघड्या फरशीवर, काथ्याचा काळा पुंजका पडला होता. विझलेला. हातभर पुढे गवत. काकीने तो पायाने चुरडला आणि नमस्कार केला.

"कातळावर पडला म्हणून वाचली बाग," ती म्हणाली.

"तुम्ही टेम्पोवाल्याकडून घ्यायला लागलात तरी माझं काय म्हणणं नाय, काकी."

"गप रे. त्याच्या बांगड्याचे डोळे बघितलेस? माझ्या मोतीबिंदूसारखे!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढा खटाटोप केलास, त्यापेक्षा विचारायचंस. वर कातळावर तुझ्या फोनला रेंज असते ना? माझा फोन तुळशीपाशी टांगलेला असतो, तिथं त्याला मिळते. मिस कॉल दे. पुढचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी गुणाजी फेरीला गेला नाही. बकुळाने कोनाड्यातली नळी काढून त्याच्या हातात ठेवली. वेल्डिंगवाल्याने नळी बसवून टोक जोडलं. येताना गुणाजीने महादेवाला नारळ वाहिला.

शुक्रवारी गाडी पुन्हा मांजरीच्या पावलांनी कातळावर आली. गुणाजीने मिस कॉल दिला आणि उभा राहिला. खाली माडांमध्ये काहीच हललं नाही. त्याने पुन्हा एकदा फोनकडे बघितलं. आणि मग खालून तुळसाकाकीचा कुकारा उठला, जत्रेत हरवलेल्याला हाक मारावी तसा.

"कूऽऽऽ! गुणाजी आलाऽऽ गोऽऽ!"

पलीकडच्या घरातून कुणीतरी तोच कुकारा पुढे दिला, तिथून आणखी पुढे. गुणाजी रस्त्यावर येऊन थांबेपर्यंत पाखाडीवर टोपांचा आवाज सुरू झाला होता. सगळ्यांत पुढे काकी.

"या काकी, बांगडे बघा. आत्ता बंदरावरून आणलेत."

"बांगडे मागाहून," काकी म्हणाली आणि वळसा घालून गाडीच्या मागे गेली. वाकून तिने सायलेन्सर हुंगला, दोनदा हुंगला, मग मान हलवून टोप पुढे केला. "हां. आता घाल."