आयर्लंडमधली खिचडी

अमेरिकेतल्या एडिसनहून आयर्लंडला फिरायला निघताना नवऱ्याने बॅगेत कपड्यांच्या आधी छोटा कुकर, तांदूळ आणि मुगाची डाळ भरली. तिथल्या एका खेड्यात आम्ही ज्या बाईंच्या घरी उतरलो होतो, त्या रोज सकाळी ताजा ब्रेड भाजायच्या. त्याचा खरपूस वास आमच्या खोलीपर्यंत यायचा आणि आम्ही दार लावून खिचडी खायचो. "उगाच पोट बिघडायचं," हा म्हणायचा, आणि मी मुकाट्याने ताट पुढे करायचे. निघताना बाईंनी मला विचारलं, "ब्रेडला हातही लावला नाहीत. माझं काही चुकलं का?" मी नुसती हसले.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. हा त्यांना ऐटीत म्हणाला, "आयर्लंड सुंदर आहे, पण खायच्या नावाने बोंब!"

आणि मी मेलीने मान डोलावली.