वरचा फेरा

चौकशीच्या कागदावर माझी सही आहे, आणि त्या कागदात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच तो आठवला की अजून माझं डोकं तापतं.

मी हिरड्याचा व्यापारी. जुन्नरच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली, मग घोडेगावच्या वर डोंगरातला हिरडा विकत घेऊन मुंबईला पाठवू लागलो. भाव करताना मी कुणाला हार गेलो नाही, आणि वरच्या मुठीशिवाय कधी माल उचलला नाही. माप भरून झालं की वर एक मूठ घालायची, ही आमच्याकडची रीत. ती न मागणारा माणूस एक तर पाहुणा, नाही तर बावळट.

त्या वर्षी मुंबईला गेलो असताना विमानाचं मैदान बघायला गेलो. रविवारी तिथं जत्रा असल्यासारखी गर्दी. मोठी टपालाची विमानं उतरत, आणि मधल्या वेळात दोन माणसांची लहान विमानं हौशी लोकांना पैसे घेऊन फिरवत. त्यातल्या एकाचा चालक आमच्या जुन्नरकडचाच, राजुरीचा निघाला. आधी मिस्त्री म्हणून लागलेला, पुढं शिकून परवाना मिळवलेला. तो परवाना छातीच्या खिशात, खिशाला बटण.

"दोन फेरे व्हतील, भाऊ," तो म्हणाला.

"तिसरा वर घाल."

"ही काय मेथीची जुडी हाय व्हय, पावणं?"

"राजुरीचा ना तू? मग वरची मूठ मी तुला शिकवायची का?"

तो हसला. "बसा. पर वर गेल्यावर आणखी मागू नका. तितं मला ऐकू येत न्हाई."

विमान वरून उघडं; मी पुढं बसलो, तो मागं. दोन फेरे झाले, तिसराही झाला. आम्ही उतरायला लागलो. खाली माणूस हिरवं निशाण हलवत होता. हिरवं म्हणजे उतरा, हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं. एवढ्यात अंगावर सावली आली. मान वळवून बघतो तर टपालाचं मोठं विमान आमच्या मागून, आमच्याच डोक्यावर उतरत होतं. चाकांना लागलेला चिखल मला दिसला. मी ओरडलो, पण ऐकणार कोण? मी दोन्ही हातांनी वर दाखवलं. त्यानं वर पाहिलं आणि विमान एका अंगावर असं पाडलं की माझा फेटा गेला. आम्ही मैदानाच्या कडेला, गवतात आदळत उतरलो. आम्ही जिथं टेकणार होतो, तिथं मोठं विमान टेकलं.

त्यातून हॅटवाले साहेब उतरले आणि चहाला गेले. आपण कुणाच्या डोक्यावरून आलो याची त्यांना खबरही नव्हती.

"जीव वाचला," मी म्हणालो.

त्यानं खिशाचं बटण चाचपलं. "त्यो वाचला. आता ह्यो वाचतो का बघायचं."

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. टेबलामागं अधिकारी, बाजूला मोठ्या विमानाच्या कंपनीचा माणूस आणि मराठीत विचारून इंग्रजीत उतरवणारा कारकून.

"फेरे किती ठरले होते?"

"दोन. तिसरा मी वर मागून घेतला."

"म्हणजे तिसरा ठरलेला नव्हता."

"वरची मूठ ठरलेलीच असते."

कारकून हसला. तिसरा फेरा न ठरवता केला, असं त्यानं लिहिलं. मग मी हिरव्या निशाणाचं सांगितलं. आम्ही खाली आणि पुढं होतो, मोठं विमान मैदानाला वळसा न घालता थेट घुसलं, हेही सांगितलं.

"विमान कसं चालवतात हे तुम्हाला कळतं का?"

"नाही. पण मागून येणाऱ्यानं पुढचा बघायचा असतो, हे घाटातल्या बैलाला कळतं. हे लिहा."

"त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही."

ते लिहिलंच नाही. जेवढं लिहिलं तेवढं वाचून दाखवलं आणि मी सही केली. बाकीचं पुढच्या कागदावर येईल असं मला वाटलं. पोत्यात हात घालून तळाचा हिरडा बघितल्याशिवाय ज्यानं कधी सौदा केला नाही, त्यानं तिथं तळ बघितला नाही.

निकाल लागला: तिसरा फेरा केला नसता तर लहान विमान आधीच उतरलं असतं, म्हणून दोष चालकाचा. परवाना रद्द. मोठ्या विमानाबद्दल एक ओळ नाही. मी तीनदा त्या कचेरीत गेलो. तिसऱ्यांदा शिपायानं मला दारातच अडवलं.

दोन वर्षांनी तो मला जुन्नरच्या बाजारात दिसला. गोणपाटावर घरचा हरभरा मांडून बसला होता. खिसा तोच, बटण तुटलेलं. मी दोन शेर मागितले. त्यानं मापून दिले. मग मी काही म्हणायच्या आत मूठ भरली आणि माझ्या पिशवीवर धरली.

"तुमी आज मागितली न्हाई, भाऊ."

टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही. पण मी पिशवी पुढं केली. ती मूठ नाकारली असती, तर तिसरा फेरा हाच गुन्हा होता, हे मीही कबूल केल्यासारखं झालं असतं.