टिचबटणांचा शर्ट

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या अंगावरून वारं गेलं. उजवा पाय थोडा गेला, उजवा हात पुरता. जुन्नरच्या पेठेत तीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलेल्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, ते वेगळं सांगायला नको. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. पहिलं वर्ष महत्त्वाचं. व्यायामाने हात वर्षभरात जेवढा परत येईल तेवढा आपला, त्यानंतर फारसा फरक पडत नाही.

नारायणगावला असा व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. आठवड्यातून तीनदा जायचं, दर खेपेला फी, वर एसटीचं भाडं. दुकानात बायको साड्यांना फॉल-पिको करायची. त्यात घर चालत होतं, व्यायाम चालत नव्हता. तीनदाचं एकदा झालं, मग पंधरवड्यातून एकदा. अशात कुणीतरी सांगितलं की दिव्यांगाचा दाखला काढा, चाळीस टक्क्यांच्या वर आला की महिन्याला अनुदान मिळतं आणि एसटीत सवलत. म्हणजे माझा हात आता चाळीस टक्क्यांपाशी येऊन अडला होता.

मार्चमध्ये अर्ज केला. पंधरा दिवसांनी तो परत आला. कारण काय, तर अर्जावरची सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही. बँकेतली सही माझ्या उजव्या हाताची, आणि तो हात आता सही करत नाही म्हणून तर हा अर्ज. पेठेत सरकारी अर्ज भरून देणाऱ्या ऑनलाइनवाल्याला मी हे तीनदा समजावलं. तो म्हणाला, मला पटतंय काका, कम्प्युटरला पटत नाही. मग डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. तो पुसट आला. पुन्हा दिला. मग संबंधित साहेब ट्रेनिंगला गेले. असं करत मे उजाडला. या काळात मी चहाच्या टपरीवर सरकारी कारभारावर रोज एक भाषण देत होतो आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायलाही लागलं होतं. हात नसला तरी तोंड शाबूत होतं.

मेमध्ये बोर्डाची तारीख आली. बोर्ड म्हणजे एका सरकारी दवाखान्यात टेबलामागे बसलेले डॉक्टर. दवाखाना कुठला ते सांगत नाही, मला तिथे अजून जायचं असतं.

आता शर्टाचं सांगायला हवं. आजारपणानंतर मला एका हाताने बटण लावता येईना. टेलरला बटण लागत नाही हे गिऱ्हाइकाला दिसलं तर काय राहिलं, अशी मला चिंता. त्यावर बायकोने तोड काढली. माझ्या शर्टांची काजं तिने शिवून बंद केली, बटणं शोभेला वरून टाकली आणि आतून टिचबटणं लावली. बोटाने दाबलं की टिच करून शर्ट बंद. मी शेजारी खुर्चीत बसून तिचे टाके कसे वाकडे पडतात ते सांगत होतो. पण काम नामी झालं होतं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज सकाळी पाच बटणं स्वतः लावतो.

बोर्डाच्या दिवशी बायको म्हणाली, घरातला साधा सदरा घाला. मी ऐकलं नाही. साहेबापुढे जायचं आणि सदऱ्यात? मी स्वतः शिवलेला क्रीम रंगाचा शर्ट काढला. तिनेच इस्त्री केली, तिनेच दाढी केली, तिनेच भांग पाडला. असा सगळा तिच्या हातचा मी आत गेलो आणि ती माझी फाइल धरून दाराशी उभी राहिली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात वर करायला सांगितलं, तो खांद्यापर्यंत गेला नाही. चालायला सांगितलं, तर मी पाय फरफटू नये म्हणून इतका जोर लावला की घाम फुटला. मग त्यांनी विचारलं, शर्टाची बटणं लावता येतात का? आणि माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. डाव्या हाताने मी शर्ट उघडला आणि टिच, टिच, टिच, टिच, टिच करून बंद केला. डॉक्टर खूश झाले. जेवण? म्हटलं, आपलं आपण. आंघोळ? आपली आपण. दाढी? रोजच्या रोज. दुकान? चालू आहे की. आमच्याकडे कुणी कसं काय विचारलं की मजेत म्हणायची सवय, आणि मी ती डॉक्टरांपुढेही सोडली नाही. फरक छान आहे, असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. बाहेर येताना मला पहिला नंबर आल्यासारखं वाटत होतं.

जूनमध्ये मोबाइलवर दाखला आला. पस्तीस टक्के.

मी पेठ डोक्यावर घेतली. पाच टक्क्यांसाठी गरिबाला अडवतात, यांना माणसाचं दुःख कळत नाही, सगळं सांगितलं. ऑनलाइनवाल्याने दाखला वाचला आणि मी आत काय काय बोललो ते विचारलं. मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "काका, तुमी तिथं पास व्हायला गेला व्हता का? तिथं नापास व्हायचं असतंय."

मग अपील. अपिलाला दाखल्याची मूळ प्रत हवी. मूळ प्रत पोस्टाने येणार होती, ती पावसाळा संपेपर्यंत आली नाही. आल्यावर कळलं की फेरतपासणीला दुसरे डॉक्टर लागतात. ते डॉक्टर ठरले तेव्हा त्यांची बदली झाली. मोबाइलवर अर्जाची स्थिती बघायला मी दिवसातून चारदा दुकानात मान खाली घालून बसायचो आणि चारदा प्रलंबित हा शब्द वाचायचो. डाव्या बोटाला तेवढा व्यायाम मिळाला. नारायणगावला जाणं तोवर जवळपास बंदच झालं होतं.

फेरतपासणीसाठी पेठेने मला तयार केलं. दहा दिवस दाढी करू नका. केस विंचरू नका. आत जाताना एकदा धडपडा. मी घरात धडपडायचा सराव केला, तर बायको हसून हसून खाली बसली. म्हणाली, तुम्ही खरं चालता ते यापेक्षा वाईट दिसतं. ते ऐकून मला जरा वाईट वाटलं, पण सराव सोडला.

नोव्हेंबरात बोलावणं आलं. या वेळी मी जुना सदरा घातला. नाडीचा लेंगा, गालावर खुंटं, पायात स्लिपर. आयुष्यात पहिल्यांदा मी इस्त्रीशिवाय एसटीत चढलो. आत मॅडम डॉक्टर होत्या आणि शेजारी रजिस्टर घेऊन एक सिस्टर. सिस्टरने बायकोकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती निघाली डिंभ्याची, बायकोच्या माहेरची, अगदी घराजवळची. "अगं ताई तू? आणि हे आपलं दाजी व्हय?" दाजी म्हटल्याबरोबर माझी पाठ आपोआप ताठ झाली. दहा दिवसांच्या खुंटांची इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना.

मॅडमनी जुना कागद वाचला. मागच्या वेळी सगळं स्वतः करतो असं सांगितलंय, म्हणाल्या, मग अपील कशासाठी? मी काही बोलायच्या आत त्यांनी बायकोला विचारलं. बाई, घरी रोजचं यांचं कोण करतं?

बायकोने सिस्टरकडे पाहिलं. पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाली, "सगळं त्यांचं त्येच करत्यात. मला काय बी बघावं लागत नाय."

मला आधी तिचा राग आला. दहा महिने आपण कशासाठी मरतोय? मग लक्षात आलं. डिंभ्याला तिची म्हातारी आई आहे. आईला तिने फोनवर सांगून ठेवलं होतं की हात पहिल्यासारखा झाला, दुकान जोरात आहे. सिस्टरच्या रजिस्टरात जे जाणार ते आठवड्याच्या आत आईच्या ओट्यावर पोचणार होतं. मॅडमनी पेन उचललं होतं. आता बोललो नाही तर पस्तीसाचे पस्तीसच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हणालो, "मॅडम, ती खोटं बोलतीय. आंघोळ ती घालते. लेंग्याची नाडी ती बांधते. भाकरी ती चुरून देते. मागच्या वेळी मी जो शर्ट घातला व्हता त्याला टिचबटणं व्हती, बटणं नुसती वरून टाकलेली. खरं बटण मला लागत नाय. मी टेलर आहे."

शेवटचं वाक्य का बोललो माहीत नाही. सिस्टर रजिस्टरात मान घालून लिहीत राहिली. मॅडमनी एक जुना शर्ट मागवला आणि माझ्यापुढे ठेवला. मी प्रयत्न केला. दुसऱ्याच बटणाला त्यांनी पुरे म्हटलं.

बाहेर बाकावर बसल्यावर बायको एवढंच म्हणाली, आईच्या कानावर जाईल आता. मी तिच्या हातातली फाइल घेतली. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण माझं रोजचं किती आणि तिचं किती हे मी त्या खोलीत पहिल्यांदा बोललो होतो, तेही टक्क्यांसाठी.

डिसेंबरात मोबाइलवर निरोप आला. पंचावन्न टक्के. अनुदान लागलं, सवलत लागली, आणि आम्ही आठवड्यातून तीनदा नारायणगावला जायला लागलो. संक्रांतीला वर्ष भरलं तेव्हा व्यायामाच्या बाईंनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. अंगठा आणि पहिलं बोट आता एकमेकांना टेकत होती. चमचा धरता येईल, त्या म्हणाल्या. कात्रीचं विचारलं तर त्यांनी माझा हात खाली ठेवला. मग म्हणाल्या, लवकर आला असता तर बघितलं असतं.

परतीच्या एसटीत मी सवयीने सुरू झालो. माझं अख्खं वर्ष खाल्लं या लोकांनी, एका सहीसाठी, एका ठशासाठी. पुढच्या सीटवरचे दोघं मागे वळून ऐकायला लागले, तसा मला आणखी जोर चढला.

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच बघत हळूच म्हणाली, "दोन म्हयने त्यांनी खाल्लं."

उरलेले कुणी खाल्ले ते तिने माझ्यावर सोडलं. मेमध्ये ती दाराशी फाइल धरून उभी होती आणि माझं एकेक उत्तर ऐकत होती. मी तोंड मिटलं. नोव्हेंबरपर्यंतचे महिने मी बोटांवर मोजले, डाव्या हाताच्या, आणि ते एका हातात मावले नाहीत.