फोटो नसलेला माणूस

"डाव्या भुवईत एक खाच पाहिजे," भगवानराव म्हणाले.

मी हातातलं टूल खाली ठेवलं. समोर स्टँडवर त्यांच्या वडलांचा फोटो लावला होता. त्यात भुवई अखंड होती.

"बापूंना तिथं काही लागलं होतं का?"

"न्हाई."

"मग?"

"मलाच कळून न्हाई राह्यलं, ताई. पण तिच्याबिगर ते बराबर दिसंना."

मी पुतळे करते. जालन्याहून मंठ्याकडे जाताना रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड आहे. काम असं चालतं. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्याला आम्ही आर्मेचर म्हणतो. त्यावर ओल्या मातीत चेहरा. गिऱ्हाइकाने तो पास केला की प्लास्टरचा मोल्ड, म्हणजे साचा. मग साच्यात फायबर. माती ओली असेपर्यंत काहीही बदलता येतं. साचा घेतला की संपलं. म्हणून मातीच्या स्टेजला गिऱ्हाइकाने सांगितलेलं मी मुकाट ऐकते.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की दिसतं ते करू नका, जाणवतं ते करा. पोट यावर चालायला लागल्यावर मी उलटं शिकले. माझी स्वतःची कामं शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेली असतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, त्यामुळे त्यांना कोणी सूचनाही देत नाही.

भगवानरावांचा बी-बियाण्यांचा धंदा होता. गावाकडच्या शेतात वडलांचा अर्धपुतळा बसवायचा होता. पहिल्या दिवशीच ती भिंत बघून ते म्हणाले होते, "हे असलं आपल्याला बिलकुल नको. तुमची कला बाजूला ठिवा. फोटो हाय, तसा बापू काढा."

मी तसाच काढला. कॅलिपर लावून, म्हणजे मापं घेऊन. सत्तरीचा माणूस, बसके गाल, जाड मान, ओठ घट्ट मिटलेले. भगवानरावांनी बघितलं आणि मान डोलावली. "हायेत बापू." पण ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कान जरा बाहेर घ्या."

तिथून सुरू झालं. कान बाहेर. हनुवटी निमुळती. गाल थोडे भरा. कपाळावरच्या आठ्या काढा. पुन्हा पुन्हा यायचे, नेहमी दुपारी, दुकानातून जेवायला निघाले की. सुरुवातीला फोटोकडे बोट दाखवून बोलायचे. नंतर फोटोकडे बघायचं सोडलं. मी एकदा म्हटलं, "भगवानराव, हे आता फोटोशी जुळत नाही. उद्या लोक मला बोल लावतील."

"फोटो चुकलाय," ते म्हणाले. मग स्वतःच दचकले. "म्हणजे तसं न्हाई. पण तुम्ही करा."

मी करत राहिले. गंमत अशी की सांगितलेली प्रत्येक गोष्ट हातून चटकन व्हायची. इतकं सरळ काम मागच्या भिंतीच्या मूर्तींनीही कधी दिलं नव्हतं. चेहरा जिवंत होत होता आणि त्यात माझं काहीच नव्हतं. सत्तरीचा माणूस विशीत आला होता.

माती सुकू नये म्हणून आम्ही ओलं फडकं गुंडाळतो. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारी पत्रा तडतडायचा. फडकं नाकाडोळ्यांवर चिकटून बसायचं आणि खाली कोणीतरी दम धरून आहे असं वाटायचं. मी ते काढायला टाळाटाळ करू लागले. भगवानरावांच्या येण्याची मी वाट बघायचे.

खाच केली त्याच दिवशी ते म्हणाले, "आता मान वळवा."

"कुठे?"

"मागं. कोणी हाक मारल्यावर वळती तशी."

मान वळवायची म्हणजे आतल्या सळ्या वाकवायच्या, अर्धी माती पाडायची. मी ते केलं. काम संपलं तेव्हा भगवानराव खुर्चीवरून उठून जवळ आले. "बास," ते म्हणाले. "आता हात लावू नका."

"हे बापू नाहीत," मी म्हणाले.

"न्हाईत."

"मग कोण आहे?"

त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मी साचा घ्यायला नकार दिला. घरातल्या मोठ्या कोणाला तरी आणा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन आले. म्हातारी ताठ होती, काठी न टेकता शेडमध्ये आली. मी फडकं काढलं.

ती ओरडली नाही. जवळ गेली आणि पदराच्या टोकाने त्या भुवईवरचं पाणी टिपलं.

"पाळन्याची कडी लागल्ती ह्याला," ती म्हणाली. "तुला उचलून घेतानी. तुला कुनी सांगितलं रं हे?"

"कोन हाय हा, माय?"

"दत्ता. तुझा दादा."

भगवानराव खाली बसले. आपल्याला भाऊ होता हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

म्हातारीने उभ्यानेच सांगितलं. विहिरीत इंजिन बसवलेलं होतं, आत धूर कोंडला होता. दत्ता उतरायला नको म्हणत होता. बापूंनी दटावून उतरवलं. तो वर आलाच नाही. बापूंनी त्याचा एकुलता एक फोटो चुलीत घातला आणि घरात नाव काढायचं नाही म्हणून ताकीद दिली. भाऊबंदांनीही तोंड शिवलं.

"उतरतानी मी हाक मारली," ती म्हणाली. "तवा असंच वळून पाह्यलं त्यानं. तू माझ्या कडेवर व्हतास. धड बोलताबी येत नव्हतं तुला."



भगवानराव एकदम उठले. "मोडा हे, ताई. पाहुन्यांला आवतनं गेलीत. चौथऱ्यावर बापूचं नाव कोरलंय. मला बापू पाहिजे." त्यांनी हात पुढे केला. मी मध्ये उभी राहिले. माती गिऱ्हाइकाची असते हा माझाच नियम. तो मी त्या दिवशी मोडला.

"बापू मी नव्याने करून देते. फोटोबरहुकूम. पण याला हात लावायचा नाही."

"तुम्ही कोन सांगनार? ऑर्डर माझी हाय."

"तुमची ऑर्डर बापूंची होती. ही कोणाची आहे, ते माय सांगतील."

म्हातारी मुलाकडे बघत नव्हती. "माझी," ती म्हणाली. "करा."

दोन्ही पुतळे झाले. बापूंचा ठरल्या दिवशी चौथऱ्यावर बसला. हुबेहूब आहे, असं सगळे म्हणाले. मला हारही घातला. ते काम करताना माझा हात एकदाही चालला नव्हता. एकेक माप मोजून ओढून आणलं होतं.

दत्ताचा म्हातारीने शेतातच बसवून घेतला, विहिरीकडे पाठ करून. भगवानराव तिकडे जात नाहीत. मला नंतर एकदाच भेटले. म्हणाले, आता बापूंचा चेहरा आठवायला गेलं तरी तोच डोळ्यांपुढे येतो.

या प्रकारानंतर मी कामात एकच बदल केला. ऑर्डर घेताना विचारते, ज्याचा फोटो उरला नाही असं घरात कोणी होतं का? बहुतेक लोक चहा अर्धा ठेवतात आणि नंतर फोन करतो म्हणून उठतात.